मॅग्नेशियम हायड्राइडला मिश्रधातूची जोड: किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर कृती

आगोट जवळ आली की कोकणात पापड, सांडगे, आमसुले आणि सुकी मासळी हवाबंद डब्यांत जाते. मृग लागल्यावर उघड्या राहिलेल्या डब्याचे काय होते, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. हायड्रोजन साठवण्यासाठी वापरायच्या मॅग्नेशियम हायड्राइडवर, म्हणजे मॅग्नेशियम आणि हायड्रोजन यांच्या संयुगावर, काम करणाऱ्याने हीच सवय प्रयोगशाळेत न्यायची असते, कारण हा पदार्थ बाष्पाशी अभिक्रिया करून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनतो आणि ज्या हायड्रोजनसाठी सगळा खटाटोप केला तो हवेत निघून जातो. पुढील कृती रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यातील महाविद्यालयात, मर्यादित साधनांवर, एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चे पहिले वर्ष डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. त्यात हायड्रोजनची ये-जा जलद करणारा उत्प्रेरक म्हणून निकेल-कोबाल्ट हे एकच मिश्रधातू सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेले आहे.

आधी अपेक्षा नीट ठरवा

मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाने ७.६ टक्के हायड्रोजन असतो आणि एक लिटर घन पदार्थात सुमारे ११० ग्रॅम हायड्रोजन मावतो. मॅग्नेशियम स्वस्त आहे, हलके आहे, मुबलक आहे. अडचण दुहेरी आहे. हायड्रोजन धातूला घट्ट बांधलेला असतो, म्हणजे एक मोल हायड्रोजन सोडवायला सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. आणि ती दिली तरी तो सावकाश सुटतो. यांतील पहिली अडचण ऊष्मागतिकीची आहे, दुसरी गतीची. उत्प्रेरक फक्त दुसरीवर काम करतो. ज्यांना ही एक गोष्ट सुरुवातीला उमगत नाही, ते वर्षभर काम करूनही आपल्याच आलेखाचा चुकीचा अर्थ लावतात, असा माझा अनुभव आहे.

आकड्यांत पाहू. अभिक्रियेची उष्णता ७४.७ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतील बदल दर केल्व्हिनला १३५ ज्यूल धरला, तर हायड्राइडवरील हायड्रोजनचा समतोल दाब, म्हणजे ज्याला पोहोचताच हायड्रोजन सुटणे थांबते तो दाब, २०० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०६ बार, २५० अंशांना ०.३९ बार, २८० अंशांना १ बार, ३०० अंशांना १.७५ बार आणि ३५० अंशांना सुमारे ६ बार येतो. उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी हे आकडे हलत नाहीत. मग "आमच्या नमुन्याने २१० अंशांना हायड्रोजन सोडला" असे जे सांगितले जाते ते खोटे असते का? तसे नाही. निर्वात पोकळीत किंवा वाहत्या अरगॉनमध्ये हायड्रोजनचा दाब शून्याजवळ असतो, त्यामुळे तिथे तो २१० अंशांनाही सुटतो. मात्र इंधनघटाला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या घटाला, १ बारच्या वर दाब हवा असेल, तर टाकी २८० अंशांच्या पुढे तापवणे अटळ आहे. म्हणून निष्कर्ष लिहिताना तापमानाशेजारी दाब लिहिलाच पाहिजे.

कोणते मिश्रधातू निवडावे

इगॉन विबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली मूलद्रव्यांपासून थेट हायड्राइड बनवले, तेव्हाही त्यांना उच्च दाबाबरोबर मॅग्नेशियम आयोडाइडचा उत्प्रेरक वापरावा लागला होता. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रायली आणि विसवॉल यांनी दोन भाग मॅग्नेशियम आणि एक भाग निकेल यांचे संयुग हायड्रोजन बरेच सहज घेते आणि सोडते, हे दाखवले. पण त्याची धारणक्षमता ३.६ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्म्याहून कमी. तेव्हापासून या विषयातील खरा प्रश्न हाच राहिला आहे की, निकेलचा गुण घ्यायचा पण त्याचे वजन घ्यायचे नाही. उत्तर असे की निकेल किंवा त्याचे मिश्रधातू चार-पाच टक्केच घालायचे आणि ते अतिशय बारीक कणांच्या रूपात हायड्राइडभर पसरवायचे.

हे कण काय करतात? शुद्ध मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू सहज फुटत नाही. निकेल, कोबाल्ट, लोह, टायटॅनियम यांसारख्या धातूंवर तो फुटतो आणि सुटे अणू तिथून मॅग्नेशियमकडे सरकतात. हायड्रोजन सोडताना हाच प्रवास उलट दिशेने होतो. शिवाय निकेलचा कण एक-दोन आवर्तनांनंतर (हायड्रोजन एकदा घेणे आणि सोडणे म्हणजे एक आवर्तन) निकेल राहत नाही, तर भोवतालच्या मॅग्नेशियमशी संयोग पावून वर सांगितलेले संयुग बनतो. ते आवर्तनागणिक हायड्रोजन घेते-सोडते आणि शेजारच्या हायड्राइडसाठी पंपासारखे काम करते. निकेल-कोबाल्ट मिश्रधातूत दोन्ही धातू एकाच कणात असल्याने मॅग्नेशियमशी दोन्हींची संयुगे शेजारी-शेजारी तयार होतात आणि सीमापृष्ठे वाढतात. हायड्रोजनला धावायला लागतात त्या याच वाटा.

पर्याय बरेच आहेत. लॅन्थॅनमच्या एका अणूला निकेलचे पाच, हे मिश्रधातू विकत मिळते आणि ठिसूळ असल्याने सहज दळले जाते. टायटॅनियम-लोह स्वस्त, पण ते आधी तापवून सक्रिय करावे लागते. लोह मॅग्नेशियमशी दुहेरी संयुग बनवत नाही, म्हणून त्याचे कण कणच राहतात, आणि काही प्रयोगांत हा गुण ठरतो. पाच-सहा धातूंची उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू सध्या चलतीत आहेत, परंतु पहिल्याच प्रयोगात त्यांच्या मागे लागू नये असे माझे मत आहे. कोणत्या धातूने काय केले ते वेगळे काढता येत नाही. काळबादेवी, नेवरे, मालगुंड इथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियम आणि लोह दोन्ही आहेत, तर तीच वाळू दळून घालावी का, हा प्रश्न दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच. इल्मेनाइट हे ऑक्साइड आहे; त्यातला ऑक्सिजन मॅग्नेशियम ओढून घेईल आणि तेवढे मॅग्नेशियम कायमचे वाया जाईल.

मिश्रधातूची पूड

धातू वितळवणारी विद्युतप्रज्योतीची भट्टी नसली तरी निकेल-कोबाल्ट ऑक्झलेटच्या मार्गाने करता येते. एक ग्रॅम मिश्रधातूसाठी निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट आणि कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट प्रत्येकी २.४७ ग्रॅम घ्यावे. दोघांचे रेणूभार जवळजवळ सारखे असल्याने वजनेही सारखीच येतात. दोन्ही एकत्र शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावीत. ऑक्झलिक आम्लाचे डायहायड्रेट हिशेबाने २.१४ ग्रॅम लागते, पण दहा टक्के जास्त, म्हणजे २.३५ ग्रॅम घेऊन वेगळ्या पाण्यात विरघळवावे. पहिले द्रावण ६० अंशांवर ढवळत ठेवून त्यात दुसरे थेंबाथेंबाने सोडावे. निकेलचा साका हळू बसतो. पाण्यात हिरवट छटा उरली असेल तर घाई न करता आणखी तास-दोन तास ढवळावे, नाहीतर मिश्रधातू कोबाल्टकडे झुकते. साका गाळून पाण्याने आणि मग इथेनॉलने धुवावा, ८० अंशांना वाळवावा.

वाळलेली पूड नळीभट्टीत, पाच टक्के हायड्रोजन मिसळलेल्या वाहत्या अरगॉनमध्ये, मिनिटाला पाच अंश या गतीने ४०० अंशांपर्यंत न्यावी आणि दोन तास तिथेच ठेवावी. बाहेर पडणारा वायू धूर-कपाटातच सोडावा. भट्टी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वायूचा प्रवाह बंद करू नये. हाती येणारी काळसर पूड चुंबकाकडे धावते, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. ऑक्साइड थोडे उरले असले तरी धातूचा भाग चुंबकाला चिकटतोच. क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकांवरून पदार्थ ओळखण्याची चाचणी; इथले अंश तापमानाचे नव्हेत, कोनाचे) ४४.५, ५१.८ आणि ७६ अंशांच्या आसपास तीन शिखरे दिसावीत आणि ३७ व ४३ अंशांजवळ, म्हणजे ऑक्साइडच्या जागी, काही दिसू नये. ताजी पूड हवेत आली तर स्वतःहून पेट घेऊ शकते. नळीच्या दोन्ही टोकांच्या झडपा बंद करून ती नळीसकट ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे अरगॉनने भरलेल्या आणि जोडलेल्या हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेटीत, न्यावी. निकेल आणि कोबाल्ट दोन्हींची धूळ फुप्फुसांना घातक आहे, निकेलची संयुगे कर्करोगजनक आहेत; मास्क आणि हातमोज्यांशिवाय वजन करू नये.

ग्लव्ह बॉक्स पावसाळ्यासाठी तयार करणे

ही पायरी पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या माणसाने एका वाक्यात उरकली असती. इथे तसे चालत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद दमट, लाकूड दमट, कापूस दमट असतो आणि या सगळ्या गोष्टी प्रवेश-कक्षातून आत जातात. टिश्यू कागद, चमचे, रिकाम्या कुप्या, दळणाचे भांडे आणि गोळे आदल्या रात्रीपासून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावेत आणि गरम असतानाच प्रवेश-कक्षात ढकलावेत. कक्ष तीन वेळा निर्वात करून अरगॉनने भरावा. कागद किंवा सच्छिद्र वस्तू असेल तर तिसऱ्या वेळी निर्वात अर्धा-पाऊण तास टिकवावा. आतील ऑक्सिजन आणि बाष्प दोन्ही दशलक्षात एक भागाच्या खाली असावेत, आणि दहाच्या वर गेले तर हायड्राइडची बाटली उघडू नये. मापकावर विश्वास नसेल तर जुन्या माणसांची युक्ती आहे: २५ वॅटच्या तंतूच्या दिव्याची काच आतच फोडून तो लावायचा. आतला अरगॉन खरोखर शुद्ध असेल तर उघडा तंतू दिवसेंदिवस जळत राहतो, नसेल तर काही क्षणांत धूर सोडून तुटतो.

दळण

हायड्राइड १.९ ग्रॅम आणि मिश्रधातू ०.१ ग्रॅम, म्हणजे पाच टक्के, एवढे ग्लव्ह बॉक्समध्ये तोलावे. गोळे आणि पूड यांचे प्रमाण वजनाने ४० ला १ ठेवायचे तर ८० ग्रॅम गोळे हवेत. दहा मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा चार ग्रॅमच्या किंचित वर भरतो, म्हणजे वीस गोळे पुरतात. भांडे आतच बंद करून ग्रहीय बॉल मिलवर मिनिटाला ४०० फेऱ्यांनी फिरवावे, पंधरा मिनिटे चालू आणि पंधरा मिनिटे बंद, अशा रीतीने प्रत्यक्ष दळणाचे दहा तास भरेपर्यंत. विश्रांती नसेल तर भांडे तापते आणि कण एकमेकांना चिकटतात. वीज गेली तर भांडे उघडू नये, किती मिनिटे दळण झाले ते वहीत लिहावे आणि वीज आल्यावर उरलेलेच पूर्ण करावे. यंत्राचा घड्याळकाटा पुन्हा शून्यापासून मोजू लागतो आणि त्यामुळे एखादा नमुना बारा तासांचा होऊन बसतो.

याच मापाने, याच वेळेत, उत्प्रेरक न घालता निव्वळ हायड्राइडचेही दळण केले पाहिजे. दळणानेच कण बारीक होतात, स्फटिकांत दोष पडतात, आणि हायड्रोजन आधीपेक्षा लवकर सुटू लागतो. विकत आणलेल्या न दळलेल्या पुडीशी तुलना करून सगळे श्रेय मिश्रधातूला देणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी चलाखी आहे, आणि ती बहुतेक वेळा नकळत होते.

इथे माझी एक फजिती सांगतो. एका जुलैमध्ये आमचे तीन नमुने सलग असे निघाले की धारणक्षमता अपेक्षेपेक्षा सुमारे दीड टक्का कमी. मिश्रधातूला दोष दिला, पुन्हा बनवले, पुन्हा तेच. शेवटी विवर्तनात ४३ अंशांजवळ मॅग्नेशियम ऑक्साइडचा पसरट उंचवटा दिसला आणि शोध भांड्याच्या झाकणाखालच्या रबरी ओ-रिंगपाशी येऊन थांबला. खाऱ्या वाऱ्यात वर्षभर उघड्या कपाटात पडून ती कडक झाली होती आणि नखाने दाबल्यावर तिच्यावर केसाएवढी चीर दिसत होती. दळताना भांडे तापते, थंड होताना आत दाब उतरतो, आणि त्या चिरेतून भांडे दर विश्रांतीत दमट हवेचा एक घोट घेत होते. तेव्हापासून दर आगोटीला आमच्याकडे सगळ्या ओ-रिंगा बदलल्या जातात आणि बदलीच्या रिंगा सिलिका जेलसह बरणीत राहतात.

मोजमाप

सिव्हर्ट्सच्या पद्धतीत ठरलेल्या आकारमानात दाब किती बदलला यावरून हायड्रोजन मोजतात. यंत्राची परीक्षा आधी लॅन्थॅनम-निकेलवर घ्यावी. ते खोलीच्या तापमानाला काही बार दाबावर सुमारे १.४ टक्के हायड्रोजन घेते. तेवढा आकडा आला नाही तर गळती किंवा आकारमानाची चूक आधी शोधावी.

हायड्रोजन सुटतानाचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या ग्रॅम नमुन्याने ६.५ टक्के सोडला तर तो ३२.५ मिलिग्रॅम, म्हणजे १६.१ मिलिमोल होतो आणि ३० अंशांवरच्या अर्ध्या लिटरच्या टाकीत ०.८१ बार दाब देतो. नमुना २५० अंशांवर असेल तर दाब ०.३९ बारला पोहोचताच अभिक्रिया थांबेल, निम्मा हायड्रोजन आतच राहील, आणि विद्यार्थी म्हणेल की उत्प्रेरक निकामी आहे. म्हणून कमी तापमानाला टाकी मोठी घ्यावी किंवा नमुना कमी.

हायड्रोजन शोषला जातानाची चूक अधिक फसवी असते. समजा अर्ध्या लिटरच्या टाकीत ३० बार दाब आहे आणि वातानुकूलन बंद पडल्यामुळे खोली २५ अंशांवरून ३० अंशांवर गेली. नमुन्याने काहीही केले नाही तरी दाब अर्ध्या बारने वाढेल, आणि अर्धा बार म्हणजे या टाकीत २० मिलिग्रॅम हायड्रोजन, म्हणजे अर्ध्या ग्रॅम नमुन्याच्या हिशेबाने तब्बल ४ टक्के! शोषणासाठी टाकी शंभर मिलिलिटरची घ्यावी, ती थर्मोकोलच्या पेटीत ठेवावी, तिच्या भिंतीवर तापमापक चिकटवावा आणि प्रत्येक नोंदीत दाबाबरोबर ते तापमान उतरवावे. ३० बारला हायड्रोजन आदर्श वायूपासून जवळपास दोन टक्के ढळतो, तीही दुरुस्ती करावी.

नमुना भरल्यावर ३५० अंशांना निर्वातात रिकामा करून, त्याच तापमानाला ३० बारखाली दोन तास भरावा. अशी दोन-तीन आवर्तने झाली की निकेल-कोबाल्टची मॅग्नेशियमशी होणारी संयुगे तयार होतात आणि वक्र स्थिरावतो. त्यानंतर ३००, २७५ आणि २५० अंशांना सोडण्याची, १५०, २०० आणि २५० अंशांना शोषण्याची गती मोजावी. सक्रियण ऊर्जेसाठी, म्हणजे अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर मोजण्यासाठी, वाहत्या अरगॉनमध्ये मिनिटाला २, ५, १० आणि १५ अंश या चार तापनगतींनी हायड्रोजन सुटण्याची शिखरे घ्यावीत. तापनगतीला शिखराच्या केल्व्हिनमधील तापमानाच्या वर्गाने भागून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा आणि १००० भागिले तापमान यासमोर मांडावा. सरळ रेषेच्या उताराला ८.३१४ ने गुणले की उत्तर किलोज्यूलमध्ये येते. उत्प्रेरक नसलेल्या हायड्राइडला ते १५० च्या आसपास असते, चांगल्या मिश्रधातूने १०० च्या खाली जाते.

वजन घटण्याच्या आलेखावर, म्हणजे टीजीएवर, किनाऱ्यावर एकट्याने विसंबू नये. नमुना यंत्रात ठेवताना दोन मिनिटे जरी दमट हवेत राहिला तरी पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड बनते, आणि ते तापल्यावर पाणी सोडते. यंत्राला घटलेले वजन तेवढे कळते. टीजीएत ७.६ टक्क्यांहून अधिक घट दिसली तर आनंद न मानता ओ-रिंग तपासावी. पाच टक्के न शोषणारा उत्प्रेरक घातल्यावर कमाल मर्यादा ७.२ टक्के उरते, हेही लक्षात असू द्यावे. विवर्तनासाठी नमुन्यावर पॉलिइमाइडची पातळ फीत लावून तो बंदच ठेवावा. हायड्राइडची शिखरे २७.९ आणि ३५.७ अंशांना, मॅग्नेशियमची ३२.२, ३४.४ आणि ३६.६ अंशांना शोधावीत.

निदान वीस आवर्तने केल्याशिवाय उत्प्रेरक चांगला म्हणू नये. मॅग्नेशियम हायड्राइड होताना सुमारे तीस टक्क्यांनी फुगते, सोडताना आकसते, आणि ३०० अंशांवर कण हळूहळू एकमेकांत विरघळून मोठे होतात. क्षमता टिकून गती मंदावत असेल तर कण वाढले आहेत. क्षमताच उतरत असेल तर ऑक्साइड वाढते आहे, आणि तेव्हा हायड्रोजनच्या नळकांड्यावरचा बाष्पशोषक बदलावा.

आग आणि टाकाऊ पूड

जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकू नये, आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही वापरू नये, कारण मॅग्नेशियम त्यातही जळते. 'ड' वर्गाच्या धातू-आगीसाठीची कोरडी पूड दाराशी असावी. लाल बादलीत किनाऱ्यावरची वाळू भरून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती खारट आणि ओलसर असते, म्हणून अशा प्रयोगशाळेत ती नसलेली बरी. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही आणि हवेत ४ ते ७५ टक्के असताना तो पेटतो, म्हणून गळतीदर्शक छताजवळ हवा.

वापरलेली पूड बेसिनमध्ये ओतू नये. ती अरगॉनखाली खनिज तेलात बुडवावी, धूर-कपाटात आणून त्यात आयसोप्रोपॅनॉल थेंबाथेंबाने सोडावे, बुडबुडे पूर्ण थांबल्यावर थोडे इथेनॉल आणि सर्वांत शेवटी पाणी. एका वेळी अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. उरलेल्या गाळात निकेल-कोबाल्ट असते. आपल्या बहुतेक गटारांचे तोंड खाडीत उघडते, तेव्हा तो गाळ बरणीत भरून, वर धातूंची नावे, वजन आणि तारीख लिहून, घातक कचऱ्याच्या अधिकृत गाडीची वाट पाहत ठेवावा. बरणीचे झाकण पहिला आठवडा सैल ठेवावे, कारण तेलात दडलेले कण सावकाश हायड्रोजन सोडत राहतात.